खालची पट्टी

अठरा वर्षं मी चिचटोल्याच्या पडद्याखाली ओळी सरकवल्या,
उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडून.
‘लांजेवार राइस मिल. धान भरडून मिळेल, कोंडा परत.’
‘फुलझेलेंची कपिला गाय, एक शिंग वाकडं,
बुधवारपासून घरी नाही.’
शब्दाला आठ आणे.
हरवलेल्याला फुकट, मेलेल्यालाही.
हा नियम माझाच, कुठं लिहिलेला नव्हता.

तेव्हा ब्रेक यायचा म्हणजे यायचाच.
कुणाच्या बापाला तो पुढं ढकलता येत नसे.
नऊ वाजून बारा मिनिटांनी
नायिका जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायची
आणि साबण सुरू.
मग तीनशे घरं एकदम उठायची.
पोट्टे सांदवाडीत मुतायला,
बाया भाताचं झाकण बघायला,
भिंतीपलीकडून, ‘काय भाजी वो आज?’
तुटलेली वायर जोडत मी बोडीच्या पाळीवर असलो
तर अख्ख्या गावाची फोडणी एकाच वेळी ऐकू यायची.
चार मिनिटं.
गाव पुन्हा बसलं की तेही ऐकू यायचं.

पहिला डबा गभने गुरुजींकडे आला, तांबड्या बटणाचा.
मालिका गिळून ठेवायचा, म्हणाल तेव्हा ओकायचा.
दुपारचं भांडण गुरुजी जेवून-बिवून रात्री बघत.
जाहिरात आली की बटण दाबत, आणि
साबणातली बाई, टूथपेस्टचे दात, बिस्किटाचं गुबगुबीत पोरगं,
सगळे भूत लागल्यागत पळत सुटायचे.
आम्ही पोट धरून हसलो. मीही.
त्या पडद्याखाली माझी पट्टीच नव्हती
हे घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं.

मग एका सामन्याच्या रात्री गाव फुटलं.
आरोळी आधी केबलवर, माझ्या उरल्यासुरल्या एकोणीस घरांत.
चार श्वासांनी वरच्या टोल्यावर, छत्रीवाल्यांकडे.
आणि पारावरच्या मोबाइलमध्ये
चेंडू अजून बॉलरच्या हातातच.
‘बोंबलू नोका बे!’ शेवंताबाईचा सुमेध ओरडला,
‘आमच्याकडं अजून आउट नाही झाला!’

एकोणीसची सात झाली, सातची दोन.
ती दोन घरं माझीच, एक भावाचं.
काळी वायर मी उतरवली, वाटून टाकली.
तिच्यावर आता लुगडी वाळतात,
पाऊसपाण्यात कुजत नाही म्हणून नाव काढतात बाया.

भाची प्राची स्टीलच्या गिलासाला फोन टेकवून जेवते.
जाहिरात आली की तिचा अंगठा
घासासकट हवेत थांबतो. पाच, चार, तीन.
ब्रेक म्हणजे काय, मी सांगून बघितलं.
‘मंग तुम्ही चार मिनिटं करत काय होते मामा?’
सांगताना सगळंच बारीकसारीक निघालं.

मी एकदा, एकदाच, गुडघ्याचं तेल शोधलं.
तेव्हापासून ते तेल मला शोधतं.
बातम्यांत, भजनात, धानाच्या भावाखाली.
शेजारच्याला ते दिसत नाही,
त्याच्यामागे कुठलंसं कर्ज लागलंय.
माझ्या पट्टीला कुणाचं काही माहीत नव्हतं.
वाकड्या शिंगाची गाय
गाय नसलेल्यांनाही दिसायची,
आणि ज्याच्या गोठ्यात ती सापडली,
त्यालाही.

सगळं गेलं, पण शरीर जुनं आहे.
नऊ बाराला मला अजून लागते.
सांदवाडीत जाऊन उभा राहतो.
कुठं निळा उजेड, कुठं पांढरा,
एका घरात रडणं, एकात टाळ्या,
कुणाचंच कुणाशी जुळत नाही.

परवा भिंतीपलीकडे कुणी खाकरलं.
‘काय भाजी?’ मी विचारलं.
जरा वेळ काहीच नाही.
मग फुलझेलेचा आवाज, ‘वांगं. तुमच्याकडं?’